चेतापेशीतलं कॅल्शियम आणि मेंदूचं कामकाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यात कधी ज्येष्ठ नागरिक संघात, कधी एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात मेंदूविषयी बोलायला जाते. व्याख्यान कशावरही असो, कॅल्शियमचा विषय निघाला की प्रश्न थांबत नाहीत. ज्येष्ठांच्या हातात गोळ्यांची पाकिटं असतात आणि मुलांच्या हातात पाठ्यपुस्तकं. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या उत्तरात सांगण्यासारखं जास्त होतं ते लांबलं आहे.

कॅल्शियम हाडांसाठी असतं ना? मेंदूत त्याचं काय काम?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. बाकीचं रक्तात, पेशींभोवतीच्या द्रवात आणि पेशींमध्ये असतं. हा एक टक्का हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, रक्त गोठणं, ग्रंथींचे स्राव हे सगळं सांभाळतो. एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचवणं आणि त्या निरोपाची खूण मागे ठेवणं, हीही त्याचीच कामं. हाडांतला साठा म्हणजे या एक टक्क्याची बेगमी, असं म्हटलं तरी चालेल. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की शरीर हाडांतून काढून ते भरून देतं. हाडं ठिसूळ झाली तरी चालतील, पण मेंदू आणि हृदय चालू राहायला हवं, असा शरीराचा प्राधान्यक्रम आहे.

"पेशीच्या बाहेर जास्त, आत कमी" असं सगळीकडे वाचतो. म्हणजे किती?

चेतापेशीच्या बाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियमचं प्रमाण दर लिटरला साधारण 1 ते 2 मिलिमोल असतं. पेशी शांत असताना आत ते 100 नॅनोमोलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं (नॅनोमोल म्हणजे मिलिमोलचा दहा लाखावा भाग). बाहेर आतल्यापेक्षा दहा ते वीस हजार पट जास्त. सोडियमसाठी हाच फरक जेमतेम दहा-पंधरा पट असतो, यावरून कॅल्शियमची गोष्ट किती वेगळी आहे ते कळेल.

पावसाळ्यात खडकवासला धरण काठोकाठ भरलेलं असतं आणि खाली शहरात मुठेचं पात्र मात्र जवळपास कोरडं असतं. म्हणून तर थोडा विसर्ग सोडला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि सगळ्या शहराला खबर लागते. पात्र आधीच दुथडी भरून वाहत असतं, तर तेवढ्याच पाण्याचा कोणाला पत्ताही लागला नसता. पेशीत कॅल्शियम "संकेत" ठरतं ते याच कारणाने. आत जवळपास काही नसतं, त्यामुळे थोडं शिरलं तरी फरक मोठा पडतो.

हा कोरडेपणा फुकटात मिळत नाही. पेशीपटलावरचे पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, खर्च करून कॅल्शियम बाहेर फेकत असतात. सोडियम आत घेऊन त्याच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर काढणारी प्रथिनं वेगळी. पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिका नावाचं पटलांचं जाळं कॅल्शियम ओढून साठवतं आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) गरजेप्रमाणे ते शोषून घेतात. शिवाय कॅल्शियमला धरून ठेवणारी प्रथिनं पेशीरसात भरपूर असतात, त्यामुळे आत आलेल्या आयनांपैकी फार थोडे मोकळे राहतात.

पण पेशीला कॅल्शियमचं एवढं वावडं का? पेशीतला सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. हाडात नेमका तोच क्षार असतो. पेशीच्या आत तसं झालं तर कारभारच आटोपला. म्हणून कॅल्शियम बाहेर ठेवण्याची सोय जीवसृष्टीत फार आधी झाली असावी आणि संकेत म्हणून त्याचा वापर मागाहून सुरू झाला असावा, असं बरेच जीवशास्त्रज्ञ मानतात. मलाही हा युक्तिवाद पटतो.

अकरावीच्या पुस्तकात चेतातंतूतला आवेग सोडियम आणि पोटॅशियममुळे जातो असं आहे. मग कॅल्शियम येतं कुठे?

पुस्तक बरोबर आहे. तंतूच्या लांबीभर धावणारा विद्युत आवेग मुख्यतः सोडियम-पोटॅशियमचाच. पण तो तंतूच्या टोकाला येऊन थांबतो. पुढच्या पेशीपर्यंत साधारण 20 नॅनोमीटरची फट असते आणि बहुतेक सायनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या अशा जोडांत, ती विजेने ओलांडली जात नाही, रसायनाने ओलांडली जाते. वीज आणि रसायन यांच्यातला सांधा म्हणजे कॅल्शियम.

आवेग टोकाला पोहोचला की तिथले, विद्युतदाबावर उघडणारे कॅल्शियम चॅनेल, म्हणजे पटलातली कॅल्शियमची दारं, उघडतात. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. चेतापारेषकाने, म्हणजे निरोप नेणाऱ्या रसायनाने, भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला खेटूनच तयार असतात. त्यांच्यावरच्या सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला कॅल्शियम चिकटलं की पिशवी पटलात विलीन होते आणि आतलं रसायन फटीत रिकामं होतं. कॅल्शियम आत शिरण्यापासून रसायन बाहेर पडण्यापर्यंत मिलिसेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, कधी त्याहूनही कमी. एवढी घाई जमते कारण चॅनेल आणि पिशवी यांच्यात काही दशक नॅनोमीटरचंच अंतर असतं. चॅनेलच्या तोंडाशी क्षणभर कॅल्शियम शंभरपट किंवा त्याहूनही अधिक वाढतं आणि थोडं दूर गेलं की काहीच झालं नाही अशी स्थिती असते.

यात एक बारकावा आहे तो मुलांनी जरूर लक्षात ठेवावा. कॅल्शियम दुप्पट झालं तर रसायनही दुप्पट सुटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. 1967 साली डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर मोजून दाखवलं की कॅल्शियम कमी असतानाच्या पट्ट्यात रसायनाचं प्रमाण कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घातात बदलतं. म्हणजे दुप्पट कॅल्शियमला जवळपास सोळापट परिणाम. म्हणून तर कॅल्शियमच्या प्रवेशात थोडा फेरफार करणारं औषध सायनॅप्सवर एवढा मोठा फरक पाडू शकतं.

हे सगळं शोधलं कोणी?

एकट्या कोणी नाही. सुरुवात गमतीशीर आहे. 1880 च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान धडधडत राहायचं. पुढे लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलं नव्हतं, लंडनच्या नळाच्या पाण्यात केलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर ठोके मंदावले, कॅल्शियम घातल्यावर परत आले. रुग्णालयात "आरएल" नावाची सलाईन लावतात ना, त्यातला आर म्हणजे हेच रिंगर.

सायनॅप्सवरचं काम बर्नार्ड कॅट्झ यांचं. रिकार्डो मिलेडी यांच्याबरोबर त्यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की आवेग आला तरी त्या क्षणी बाहेर कॅल्शियम नसेल तर रसायन सुटत नाही. कॅट्झना 1970 चं नोबेल मिळालं. एकेका चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजण्याचं तंत्र नेहर आणि साकमान यांनी दिलं, त्यांना 1991 चं. सिनॅप्टोटॅग्मिनच कॅल्शियम ओळखतं हे सिद्ध करणाऱ्या थॉमस स्यूडॉफ यांना 2013 चं, रॉथमन आणि शेकमन यांच्यासोबत.

आठवण तयार होण्याशी कॅल्शियमचा काय संबंध?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्याही सगळ्यात आवडीचा.

वरचं सगळं निरोप पाठवणाऱ्या पेशीत घडलं. आता निरोप घेणाऱ्या पेशीकडे या. तिच्या फांद्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना स्पाइन म्हणतात. एका सायनॅप्सला बहुधा एक स्पाइन. ग्लुटामेट हे रसायन तिथे आलं की दोन प्रकारची ग्राहकप्रथिनं त्याला प्रतिसाद देतात. एम्पा ग्राहक लगेच उघडतात आणि सोडियम आत घेतात. दुसरे एनएमडीए ग्राहक. ते ग्लुटामेट चिकटल्यावरही मोकळे होत नाहीत, कारण त्यांच्या भोकात मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो. पेशी आधीच पुरेशी उत्तेजित असेल तरच तो मॅग्नेशियम बाहेर ढकलला जातो आणि मग कॅल्शियम आत येतं.

याचा अर्थ काय झाला? पाठवणारी पेशी बोलली आणि त्याच वेळी घेणारी पेशीही जागी होती, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच कॅल्शियम आत. दोघी एकाच वेळी सक्रिय होत्या, एवढं एका रेणूला कळतं. शिकणं म्हणजे दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जुळणं असेल, तर त्याची रासायनिक सुरुवात इथे आहे. 1984 मध्ये मॅग्नेशियमच्या या अडथळ्याचा उलगडा झाला. त्याआधी 1973 मध्येच टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागात, दाखवलं होतं की जोरकस उत्तेजनानंतर सायनॅप्सची ताकद तासन् तास वाढलेली राहते. ती का वाढते, याचं उत्तर कॅल्शियमपाशी सापडलं. 1983 मध्ये घेणाऱ्या पेशीत कॅल्शियम बांधून टाकणारं रसायन भरून पाहिलं, तर ही वाढ झालीच नाही.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी कॅमकेटू या विकराला (एन्झाइमला) चालू करते. बारा घटकांचं हे विकर आहे आणि त्याचे घटक एकमेकांवर फॉस्फेटची खूण करतात. तशी खूण झाली की कॅल्शियम निघून गेल्यावरही विकर काही काळ चालू राहतं. पुढे जास्त एम्पा ग्राहक स्पाइनच्या पृष्ठभागावर येतात आणि स्पाइन स्वतःही फुगते. 1992 मध्ये ज्या उंदरांत या विकराचं मुख्य रूप काढून टाकलं होतं, ते वाटा लक्षात ठेवण्यात मागे पडले.

दिवस, वर्षं टिकणाऱ्या आठवणींना एवढंही पुरत नाही. त्यासाठी संकेत पेशीच्या केंद्रकापर्यंत जावा लागतो. तिथे क्रेब नावाचं प्रथिन जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं तयार होतात. समुद्री गोगलगायीवर या प्रकारचं काम करणारे एरिक कँडल 2000 सालच्या नोबेलचे मानकरी.

आकड्यांचा नाद असलेल्यांसाठी एक हिशोब देते. सरासरी स्पाइनचं आकारमान एका घन मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढं धरा. शांत स्थितीत 100 नॅनोमोल म्हणजे तिच्यात मोकळे कॅल्शियम आयन किती? सहा. लाख नाही, हजारही नाही, सहा. मेंदूतल्या संगतवार वाटणाऱ्या घडामोडी अशा अगदी थोड्या आयनांच्या येण्याजाण्यावर उभ्या आहेत, त्यामुळे त्यांत योगायोगाचाही वाटा असतो.

मग विसरण्यामागेही कॅल्शियमच का?

सायनॅप्स कमजोर होण्यामागे तरी तेच आहे. कॅल्शियम भसकन आणि भरपूर वाढलं तर वर सांगितलेली कॅमकेटूची साखळी जिंकते. थोडंच पण जास्त वेळ रेंगाळलं तर कॅल्सिन्युरिन नावाचं, फॉस्फेटच्या खुणा पुसणारं विकर जिंकतं. ते कॅल्शियमला जास्त संवेदनशील असल्यामुळे कमी प्रमाणातही जागं होतं. मग एम्पा ग्राहक आत ओढले जातात. आयन तोच, पण किती, कुठे आणि किती वेळ, यावर निकाल उलटा. रोजच्या आयुष्यातलं "चष्मा कुठे ठेवला" हे विसरणं म्हणजे दर वेळी हीच प्रक्रिया, असं मात्र समजू नका. बरेचदा लक्षच नसतं, म्हणजे आठवण मुळात तयारच झालेली नसते.

मग कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर स्मरणशक्ती वाढेल?

नाही. गोळीतलं कॅल्शियम रक्तात येतं आणि रक्तातली पातळी पॅराथायरॉइडचं संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व फार घट्ट पकडून ठेवतात, 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम दर 100 मिलिलिटर. मेंदूभोवतीच्या द्रवात तर ती आणखी स्थिर असते, रक्तात थोडा चढउतार झाला तरी तिथे फारसा दिसत नाही. आणि समजा बाहेर थोडं वाढलंच, तरी आठवणीचा निर्णय चॅनेल कधी उघडतात यावर होतो, बाहेर किती साठा आहे यावर नाही.

हाडांसाठी मात्र पुरेसं हवंच. भारतीय प्रौढांसाठी रोज 1000 मिलिग्रॅमची शिफारस आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. संक्रांतीपुरते तीळ आणि आजारपणापुरती नाचणीची पेज, ही सवय तेवढी बदला.

आमच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं, फार जड आहे. त्यातल्या कॅल्शियमने मेंदूला त्रास?

नाही. कारण वरच्याच उत्तरात आलं. गीझरच्या कॉइलची काळजी करा.

आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडली. डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी झालं. पण कमी झालं तर नसा थंडावायला हव्यात ना?

फार चांगला प्रश्न. वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांनाही हा कोड्यात टाकतो. कॅल्शियम नसेल तर रसायन सुटत नाही, मग कमी झाल्यावर सगळं मंदावायला हवं. प्रत्यक्षात उलट घडतं, नसा चिडचिड्या होतात.

कारण कॅल्शियमचं एक काम पेशीच्या बाहेरूनही चालतं. पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला ऋण भार असतो आणि कॅल्शियमचे धन भार असलेले आयन तिथे गोळा होऊन तो झाकतात. ते कमी झाले की सोडियम चॅनेलना जाणवणारा विद्युतदाब बदलतो आणि ते एरवीपेक्षा सहज उघडतात. थोड्याशा कारणाने, कधी कारणाशिवायही, आवेग सुटू लागतात. आधी ओठ, बोटं यांना मुंग्या, मग हात वळणं, फार कमी झालं तर आकडी. रसायन सुटायला लागणारं कॅल्शियम तोपर्यंत पुरेसं शिल्लक असतं.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला सहसा चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की त्यांचं संप्रेरक घटतं आणि दोन-तीन दिवसांत कॅल्शियम उतरतं. बहुतेकांत हे तात्पुरतं असतं. घरी आल्यावर अशा मुंग्या आल्या किंवा हात वळले तर वाट बघू नका, लगेच रुग्णालयात जा. तिथे शिरेतून कॅल्शियम देऊन पटकन आराम पडतो.

घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्या माणसाचेही हात असेच वळतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त अल्कधर्मी होतं, कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं आणि मोकळं कॅल्शियम घटतं. एकूण कॅल्शियमचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतो आणि "काही नाही, नाटक आहे" असं नातेवाईक म्हणून मोकळे होतात. नाटक नसतं ते.

आणि जास्त झालं तर?

माणूस सुस्तावतो, गोंधळतो, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी. वयस्कर माणसात हा गोंधळ चक्क स्मृतिभ्रंश समजला जातो. ड जीवनसत्त्वाचे 60,000 युनिटचे सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायचे असतात. ते कोणी रोज घेऊ लागलं तर काही आठवड्यांतच कॅल्शियम वर जाऊ शकतं. चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" ठळक लिहून घ्या आणि केमिस्टकडूनही खात्री करा.

मी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतो. ती "कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर" आहे म्हणे. मेंदूचं कॅल्शियम बंद झालं तर?

ही शंका सदाशिव पेठेपासून औंधपर्यंत सगळीकडे ऐकली आहे. घाबरून कोणी गोळी बंद केली तर खरा धोका तिथे आहे, कारण वाढलेला बीपी मेंदूच्या रक्तवाहिनीला इजा करतो.

कॅल्शियम चॅनेल एकाच प्रकारचे नसतात. एल, एन, पी-क्यू, आर, टी असे त्यांचे गट आहेत. अ‍ॅम्लोडिपिन एल प्रकार अडवतं आणि तेही मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत. सायनॅप्समध्ये रसायन सोडायचं काम बहुतांशी एन आणि पी-क्यू प्रकारांकडे असतं. शिवाय हे औषध मेंदूत फारसं शिरत नाही. पाय सुजले तर डॉक्टरांना सांगा, तो नेहमीचा दुष्परिणाम आहे.

मेंदूसाठी मुद्दाम वापरली जाणारी औषधं वेगळी. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या रुग्णाला निमोडिपिन देतात. मधुमेहात पाय जळजळतात म्हणून अनेकांना प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असतं. ही औषधं कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-टू-डेल्टा या जोडघटकाला चिकटून वेदनेच्या तंतूंमधून सुटणारं रसायन कमी करतात. गुंगी, तोल जाणं होतं ते त्यामुळेच. अर्धशिशीसाठी आपल्याकडे फ्लुनारिझिन बरंच लिहिलं जातं. ते महिनोन् महिने चालू राहिलं तर वयस्करांत कंपवातासारखी लक्षणं आणि उदासीनता येऊ शकते, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर आणत राहू नका.

एक औषध तर समुद्री शंखाच्या विषापासून आलं. कोनस जातीचे शंख मासा जागच्या जागी लुळा करतात. त्यांच्या विषातलं एक छोटं प्रथिन एन प्रकारचे चॅनेल बंद करतं. त्याची कृत्रिम प्रत, झिकोनोटाइड, अमेरिकेत 2004 मध्ये अतितीव्र वेदनांसाठी मंजूर झाली. ती थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावी लागते. रक्तातून दिलं तर चालत नाही.

मुलगी वर्गात मध्येच काही सेकंद हरवते, मग जणू काही घडलंच नाही. शिक्षक म्हणतात लक्ष नाही. हे काय असू शकतं?

अ‍ॅबसेन्स प्रकारचा अपस्मार असू शकतो. बालरोग किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, करून घ्या. मेंदूतल्या थॅलॅमस या भागातल्या पेशींवर टी प्रकारचे कॅल्शियम चॅनेल असतात. झोपेत ते या पेशींना ठेक्यात झडी द्यायला लावतात. तो ठेका जागेपणी अवेळी सुरू झाला की थॅलॅमस आणि मेंदूचा बाह्यभाग यांच्यात सेकंदाला साधारण तीन लहरींचं चक्र सुरू होतं आणि तेवढा वेळ मूल हरवतं. इथोसक्सिमाइड हे औषध टी चॅनेल अडवतं आणि या आजारात चांगलं चालतं. याउलट कार्बामाझेपिनसारखी, इतर झटक्यांवर उपयोगी पडणारी औषधं हा प्रकार वाढवू शकतात. म्हणून "भाच्याला आकडीवर ही गोळी लागू पडली" हा सल्ला ऐकू नका.

पक्षाघातात पेशी मरतात त्यात कॅल्शियमचा हात असतो?

असतो, मोठा. रक्त थांबलं की एटीपी संपतं, पंप थांबतात, ग्लुटामेट फटीत साठून राहतं. एनएमडीए ग्राहक उघडेच राहतात आणि कॅल्शियम अनावर आत येतं. मग प्रथिनं तोडणारी विकरं जागी होतात, तंतुकणिका कोलमडतात, पेशी मरते. जॉन ओल्नी यांनी 1969 मध्ये ग्लुटामेटमुळे चेतापेशी मरतात हे उंदरांत दाखवलं होतं. त्यावरून एनएमडीए अडवणारी औषधं पक्षाघातात द्यावीत अशी मोठी आशा होती. प्राण्यांत ती चालली, माणसांत नाही. रुग्ण पोहोचेपर्यंत बहुतेक कॅल्शियम आत शिरून गेलेलं असतं आणि शिवाय तेच ग्राहक उरलेल्या मेंदूला रोजच्या कामासाठी लागतात. त्यामुळे आजही खरा उपाय रक्तप्रवाह लवकर मोकळा करणं हाच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं की 108 ला फोन करा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा.

अल्झायमर आणि पार्किन्सन?

दोन्हींत कॅल्शियमचा तोल बिघडल्याचे पुरावे आहेत, पण बिघाड आधी की आजार आधी, हा वाद मिटलेला नाही. कौटुंबिक अल्झायमरमध्ये सापडणारे प्रेसेनिलिन जनुकातले दोष आंतर्द्रव्यजालिकेतलं कॅल्शियम विस्कळीत करतात. मेमँटिन हे औषध एनएमडीए ग्राहक सौम्यपणे अडवतं. त्याने काही रुग्णांना थोडा फायदा होतो, आजार थांबत नाही.

पार्किन्सनमधली कल्पना अधिक आकर्षक होती. त्यात मरणाऱ्या डोपामिनच्या पेशी स्वतःहून ठेक्यात चालतात आणि त्यासाठी सतत कॅल्शियम आत घेतात. ते बाहेर फेकण्याच्या कष्टात तंतुकणिका झिजतात. मग ते चॅनेल अडवलं तर? इस्राडिपिन या औषधाची मोठी चाचणी झाली, 2020 मध्ये निष्कर्ष आले आणि आजाराची गती कमी झाली नाही. कोणी "कॅल्शियम संतुलित करून" पार्किन्सन बरा करतो म्हणत पॅकेज विकत असेल तर पैसे देण्यापूर्वी ही चाचणी आठवा.

शिशामुळे मुलांची बुद्धी मंदावते हे खरं का? त्याचा इथे काय संबंध?

खरं आहे. शिशाचा आयन कॅल्शियमच्या वाटा वापरून पेशीत शिरतो, कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनांना चिकटतो आणि एनएमडीए ग्राहकांत अडथळा आणतो. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 2017 पासून 90 भाग प्रति दशलक्ष आहे. त्याआधी रंगवलेल्या खिडक्या, गज यांचे पोपडे लहान मूल चाटत नाही ना, हे जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी बघावं.

कॉफीने मेंदूतलं कॅल्शियम वाढतं असं वाचलं.

प्रयोगशाळेत वाढतं. कॅफिनने आंतर्द्रव्यजालिकेतलं कॅल्शियम सुटतं, पण त्याला लागणारं प्रमाण एका कपातून रक्तात येणाऱ्या कॅफिनच्या कितीतरी पट आहे. तुमची झोप उडते ती अ‍ॅडेनोसिन या झोप आणणाऱ्या रसायनाचे ग्राहक अडल्यामुळे.

जिवंत मेंदूतलं कॅल्शियम शास्त्रज्ञ बघतात कसं?

ते चमकवून. 1962 मध्ये ओसामु शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून एक्वोरिन वेगळं केलं. हे प्रथिन कॅल्शियम मिळालं की निळं चमकतं. त्याच प्राण्यात हिरवं चमकणारं जीएफपी हे प्रथिनही सापडलं. रॉजर त्सिएन यांनी 1980 च्या दशकात कॅल्शियमबरोबर चमक बदलणारे रंग तयार केले. 2001 मध्ये जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी जीएफपी आणि कॅल्मोड्युलिन जोडून जीकॅम्प बनवलं. याचं जनुकच पेशीत घालता येतं, त्यामुळे हवी तीच पेशी चमकते. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते जीएफपीसाठी.

2013 मध्ये झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लाच्या जवळपास लाख चेतापेशींपैकी 80 टक्क्यांहून जास्त पेशींची हालचाल एकेक पेशी ओळखू येईल अशी टिपली गेली. ते चित्रण पाहिलंत तर बराच वेळ स्क्रीनवरून नजर हटणार नाही. पण एक मर्यादा ध्यानात ठेवा. विद्युत आवेग मिलिसेकंदात संपतो आणि चमक विझायला त्याच्या शेकडो पट वेळ लागू शकतो. त्यामुळे चमक म्हणजे आवेग नव्हे, त्याच्या मागे राहिलेला कॅल्शियमचा माग आहे. आणि चमकणाऱ्या सगळ्या पेशी चेतापेशीच असतील असंही नाही. तारकापेशी या मेंदूतल्या आधारपेशींमध्येही कॅल्शियमच्या लाटा उठतात, हे 1990 पासून माहीत आहे.

पुण्यात या विषयावर काम होतं का? बारावीनंतर जायचं असेल तर?

होतं. पाषाणची आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था 2006 मध्ये सुरू झाली. तिथे चेतासंस्थेवर काम करणारे बरेच गट आहेत आणि सायनॅप्समधल्या कॅल्शियमची संगणकीय प्रतिमानं तयार करण्याचं कामही होतं. विद्यापीठाच्या आवारातली राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था पेशींच्या अंतर्गत संकेतांवर काम करते, जरी तिचा भर चेतापेशींपुरता नाही. आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा असते. तिच्यात भौतिकी, रसायन, गणित आणि जीवशास्त्र चारही विषय येतात. जीवशास्त्र आवडतं म्हणून गणित सोडायच्या बेतात असाल तर जरा थांबा. पटलावरचा विद्युतदाब, आयनांचं पसरणं (डिफ्यूजन), चौथा घात, स्पाइनमधले सहा आयन, हे सगळं समजून घ्यायला गणित लागतंच, आणि प्रतिमानं करणाऱ्या गटात तर पहिल्या दिवसापासून लागतं.